मढच्या वाटेवरचे वृद्ध चेहरे

मराठी घरांत वडीलधाऱ्या माणसाची तसबीर बहुधा तें माणूस गेल्यानंतर भिंतीवर चढते. त्या वेळीं घरांत शोधाशोध सुरू होते. कपाटांतील जुनीं पाकिटें उघडलीं जातात, लग्नाच्या समूहचित्रांतून आजीचा चेहरा कापून काढला जातो, किंवा एखाद्या ओळखपत्रासाठीं काढलेलें लहानसें चित्र मोठें करून आणलें जातें. चौकट येते, चंदनाचा हार येतो, आणि आजी कशी होती हें पुढील दोन पिढ्यांना सांगण्याचें काम त्या एका चित्राकडे जातें. त्या चित्रांत मात्र आजी सांपडत नाहीं. ‘मान सरळ करा, हलूं नका’ असें सांगितल्यावर कोणतेंहि माणूस जसें दिसतें, तशी ती त्यांत दिसते. ऐंशी वर्षें चाललेलें, बोललेलें, रागावलेलें, हंसलेलें एक आयुष्य. आणि त्याची उरलेली साक्ष म्हणजे भिंगासमोर अवघडून बसलेला एक क्षण!

या अवघडलेपणावर उतारा म्हणून छायाचित्रकलेंत एक स्वतंत्र शाखा वाढीस लागली. रस्त्यावर, बाजारांत, धक्क्यावर आपल्या कामांत गढलेल्या माणसाचा चेहरा टिपावयाचा. त्याला बसवावयाचें नाहीं, त्याचे कपडे बदलावयाचे नाहींत, त्याच्या मागें पडदा लावावयाचा नाहीं, हा तिचा नियम. अशा चित्राला सहजचित्र म्हणतां येईल. या सहजचित्रांत वृद्धांचे चेहरे विशेष मोलाचे ठरतात. तरुण चेहरा त्या क्षणाचा भाव दाखवितो. वृद्ध चेहरा त्या भावाबरोबर त्याचा इतिहासहि दाखवितो. परंतु या कलेच्या मुळाशीं एक अवघड प्रश्न दडलेला आहे. न विचारतां टिपलेला हा चेहरा कोणाचा? टिपणाऱ्याचा, कीं ज्यानें तो सत्तर-ऐंशी वर्षें उन्हापावसांत वागविला त्याचा? हा प्रश्न नीट समजून घेण्यास मुंबईच्या उपनगरांतील मढसारखें ठिकाण क्वचितच मिळेल.

मढला जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक मालाडहून रस्त्यानें आक्सा, एरंगळ हीं गांवें मागें टाकीत येते. दुसरी वर्सोव्याहून, मालाडच्या खाडीचें मुख ओलांडणाऱ्या नावेची. नावेचा प्रवास कांहीं मिनिटांचाच; परंतु तेवढ्यांत उंच इमारती पाठीमागें राहतात आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास स्वागताला पुढें येतो. इतिहासानेंहि या टोंकाची दखल घेतलेली आहे. खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठीं पोर्तुगीजांनीं सतराव्या शतकांत येथें किल्ला बांधला. १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला, आणि १७७४ सालीं इंग्रजांच्या हातीं गेला. आज तो हवाई दलाच्या ताब्यांत आहे. एरंगळच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकांतील सेंट बोनाव्हेंचरचें चर्च उभें आहे आणि दर जानेवारींत तेथें मोठी जत्रा भरते. परंतु मढचें रोजचें जीवन पाहावयाचें तर कोळीवाड्यांतच शिरलें पाहिजे.

येथील मासेमारींत डोल जाळ्याला मोठें स्थान आहे. डोल म्हणजे एका बाजूस रुंद तोंड असलेली आणि दुसऱ्या टोंकाकडे निमुळती होत गेलेली लांबच लांब पिशवी. ती समुद्रांत रोवून बांधतात आणि भरती-ओहोटीचा जोर तिच्यांत मासळी लोटतो. बोंबील, जवळा, मांदेली हें तिचें नेहमींचें धन. म्हणून या गांवाचें घड्याळ भिंतीवर नसतें, पाण्यांत असतें. पावसाळा सरला कीं बांबूंच्या मांडवांवर दोऱ्या ताणून त्यांवर बोंबलांच्या जोड्या अडकवितात, मोकळ्या जागेंत जवळा पसरतात, आणि सारा किनारा चंदेरी दिसूं लागतो. हीं कामें हातांचीं आहेत, आणि त्यांत वृद्ध माणसें रिकामीं बसत नाहींत. समुद्रावर जाणें ज्याला आतां झेपत नाहीं असा तांडेल सांवलींत बसून फाटलेलें जाळें सांधीत असतो. डोक्यावर पाटी घेणें जिला जमत नाहीं ती आजी मासळी निवडते, कोळंबी सोलते, आणि सुनेनें गिऱ्हाइकाला भाव कमी सांगितला तर बसल्या जागेवरून तो दुरुस्तहि करते!

सहजचित्र काढणाऱ्याच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. शहरांतील बागेंत बांकावर रिकामा बसलेला वृद्ध कॅमेरा दिसतांच सावध होतो; त्याचे हात कोठें ठेवावे हें त्याला कळेनासें होतें. उलट ज्याचे हात कामांत गुंतले आहेत त्याचा चेहरा मोकळा राहतो. जाळ्याचा फांसा ओढतांना तांडेलाच्या कपाळावर जी आंठी पडते ती कॅमेऱ्यासाठीं पडलेली नसते, आणि म्हणूनच ती टिपण्यासारखी असते. जून-जुलै महिन्यांत, मासेमारीच्या बंदीच्या काळांत, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तेव्हां जाळ्यांची दुरुस्ती आणि जुन्या वादळांच्या गोष्टी बरोबरच चालतात. त्या दिवसांत आभाळ झांकोळलेलें असलें तरी चेहरे अधिक बोलके असतात.

मढला कॅमेरा मुळींच नवीन नाहीं. गेलीं अनेक दशकें येथील बंगले चित्रपटांच्या आणि दूरचित्रवाणी-मालिकांच्या चित्रणासाठीं भाड्यानें दिले जात आहेत. फाटकाच्या आंत एखादा नट रंगभूषेच्या सुरकुत्या चिकटवून म्हातारा होत असतो, आणि त्याच वेळीं फाटकाबाहेरच्या रस्त्यानें खऱ्या सुरकुत्या असलेली म्हातारी आपली टोपली घेऊन मुकाट्यानें जात असते. चित्रपटांत, रंगभूमीवर आणि दिनदर्शिकांवर जी कोळीण दिसते ती सदैव तरुण असते. केंसांत फुलें, हातांत टोपली आणि पायांत ताल. ती कोळीण पुढें सत्तर वर्षांची होते हें जणूं कोणास ठाऊकच नाहीं. या उणिवेची भरपाई एखादें सहजचित्र करूं शकतें.

परंतु मुंबईच्या माणसांचे चेहरे टिपण्याचा जो जुना इतिहास आहे तो पाहिला म्हणजे ही भरपाई किती जपून करावयास हवी हें कळून येतें. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं होते. त्याच काळांत मुंबईंत छायाचित्रें काढणाऱ्या विल्यम जॉन्सन यानें येथील जातिजमातींच्या चित्रांचा एक ग्रंथ १८६३ आणि १८६६ सालीं दोन भागांत लंडनहून प्रसिद्ध केला. त्यांतील चित्रांची घडण मोठी विलक्षण आहे. माणसें एके ठिकाणीं बसवून टिपलीं, इमारती आणि देखावे दुसरीकडे टिपले, आणि मग दोहोंचा सांधा जुळवून एक चित्र केलें. म्हणजे माणूस ज्या जागीं उभा दिसतो त्या जागीं तो चित्रापुरताहि उभा राहिलेला नव्हता! चित्राखालीं नांव असे तें बहुधा जातीचें किंवा धंद्याचें, व्यक्तीचें नव्हे. पुढें १८६८ ते १८७५ या काळांत सरकारी प्रेरणेनें निघालेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथांतहि हीच दृष्टि कायम राहिली. माणूस हा माणूस नव्हे, नमुना. हा त्या दृष्टीचा सारांश.

दोष केवळ दृष्टीचा नव्हता, साधनांचाहि होता. त्या काळीं कांचेवर रसायन चढवून, ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे आणि चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढ्या वेळांत मान हलली कीं चेहरा पुसट झालाच. म्हणून डोक्यामागें लोखंडी आधार लावून माणसाला जखडून ठेवण्याची रीति होती. हंसूं इतका वेळ टिकत नाहीं. म्हणून त्या चित्रांतील माणसें हंसत नाहींत. त्यांच्या गंभीरपणावरून त्यांच्या स्वभावाचा तर्क करणें चुकीचें होय. पुढें रसायनें तल्लख झालीं, भिंगें सुधारलीं, आणि १९२५ सालीं जर्मनींत लायका नांवाचा मुठींत मावेल एवढा कॅमेरा विक्रीस आला. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत चित्र घेणें कोणासहि शक्य झालें. लोखंडी आधार गेला, हंसूं सांपडलें.

साधन हातीं आलें कीं त्याच्या मर्यादेचा प्रश्न उभा राहतो. लायकापूर्वींच, १९१६ सालीं, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पॉल स्ट्रँड या छायाचित्रकारानें आपल्या कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटें भिंग बसविलें. भिंग भलतीकडे रोखलेलें दिसे आणि चित्र भलत्याचेंच निघे. या युक्तीच्या दिवसांतच त्यानें एका अंध स्त्रीचा चेहरा टिपला. तिच्या गळ्यांत ‘अंध’ असें लिहिलेली पाटी आहे. तें चित्र आज छायाचित्रकलेच्या इतिहासांत फार मानाचें गणलें जातें. आणि तरीहि तें पाहतांना मनाला टोंचणी लागल्याखेरीज राहत नाहीं. जिला भिंग दिसणेंच शक्य नव्हतें तिच्यासाठीं खोट्या भिंगाची गरज ती काय? वॉकर एव्हन्स या दुसऱ्या अमेरिकन छायाचित्रकारानें १९३८ ते १९४१ या काळांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत कोटाखालीं कॅमेरा लपवून समोरच्या उतारूंचे चेहरे टिपले. त्या चेहऱ्यांवर विलक्षण सत्य आहे. मात्र तो चित्रसंग्रह ग्रंथरूपानें निघावयास १९६६ साल उजाडलें. चोरून घेतलेलें सत्य जगापुढें ठेवण्याची कोणासहि घाई नव्हती, ही गोष्ट आजच्या घाईच्या काळांत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मढसारख्या गांवांत अशी चोरी करावयाची म्हटली तरी साधत नाहीं. गल्ल्या अरुंद, दारें उघडीं, आणि परका माणूस वळणावर दिसण्यापूर्वीं त्याची वार्ता पुढच्या ओसरीवर पोंचलेली असते. म्हणून येथें लपण्यापेक्षां थांबणें हीच खरी युक्ति ठरते. पहिल्या तासांत सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात. पोरें भोंवतीं जमतात, बायका पदर सांवरतात. दुसऱ्या तासांत पोरांना कंटाळा येतो. तिसऱ्या तासांत छायाचित्रकार हा गल्लींतल्या मांजराइतका परिचयाचा होतो, आणि खरें काम तेथून सुरू होतें. येथें लांब पल्ल्याचें, दुर्बिणीसारखें भिंग उपयोगाचें नसतें. पन्नास पावलांवरून टिपलेला चेहरा मोठा दिसला तरी त्या दोन माणसांमधील अंतर चित्रांत उतरल्यावांचून राहत नाहीं. साधें भिंग घेऊन तीन-चार हातांवर बसलें म्हणजे जाळें, दोरी, ओसरी, मागचा मांडव हें सर्व चेहऱ्याबरोबर चित्रांत येतें आणि चेहऱ्याला त्याचें घर मिळतें.

प्रकाशाचाहि विचार आहे. दुपारच्या माथ्यावरच्या उन्हांत म्हाताऱ्या माणसाच्या खोल गेलेल्या डोळ्यांच्या जागीं दोन काळ्या खोबणी दिसतात. डोळेच नाहींत तर चित्र तें कसलें? त्याऐवजीं सकाळीं किंवा उतरत्या उन्हांत, झांपाच्या सांवलींत बसलेला माणूस पाहावा. समोरच्या वाळूवरून उसळलेला उजेड खालून हलकेच चेहऱ्यावर येतो, आणि ज्या डोळ्यांनीं जन्मभर क्षितिजावरचे ढग वाचले ते डोळे दिसूं लागतात. कधीं कधीं चेहऱ्यापेक्षां हात अधिक बोलतात. दोरानें घट्टे पडलेला तळवा, मासळीच्या कांट्यांनीं चिरत गेलेलीं बोटें, यांना वगळून काढलेलें चित्र हें अर्धेंच होय.

परंतु एका मोहापासून दूर राहिलें पाहिजे. वृद्धांचीं चित्रें काढणाऱ्या पुष्कळांना सुरकुत्यांचें वेड लागतें. बाजूचा प्रखर प्रकाश, गडद काळा रंग, आणि त्यांत सुरकुत्यांचें जाळें. कीं लगेच खालीं ‘दैन्य’, ‘एकाकी’ असा मथळा! ज्या आजीनें नुकतेंच गिऱ्हाइकाशीं भांडून दहा रुपये अधिक मिळविले तिला हा मथळा ऐकविला तर ती काय म्हणेल याचा विचार मथळा देणारानें करावा. सुरकुती ही दुःखाची खूण नव्हे. ती उन्हाची, वाऱ्याची, खाऱ्या पाण्याची आणि पुष्कळदां हंसण्याचीहि खूण असते. वृद्धाला दीन करून दाखविणारें चित्र आणि जॉन्सनचें नमुना करून दाखविणारें चित्र या दोहोंत तत्त्वतः फारसा फरक नाहीं. दोन्हींकडे माणूस हरवतो.

मग परवानगी केव्हां विचारावी? आधीं विचारली तर सहजता जाते; नंतर विचारली तर चित्र घेऊन झालेलें असतें. अनुभवी छायाचित्रकार यांतून मध्यम मार्ग काढतात. ते आधीं बोलतात, बसतात, कॅमेरा उघड गळ्यांत ठेवतात. सहज क्षण आला कीं टिपतात. आणि मग लगेच तें चित्र त्या माणसाला दाखवितात. नको म्हटलें तर तेथल्या तेथें पुसून टाकतात. अशा वेळीं वृद्धांकडून नकार क्वचितच येतो. येतें तें एक वेगळेंच उत्तर. “माझा कशाला? नातवाचा काढा.” महाराष्ट्रांतील कोणत्याहि गांवीं, कोणत्याहि आजीच्या तोंडून ऐकूं येणारें हें वाक्य आहे. त्यांत विनय आहे, परंतु त्यांत खंतहि आहे. आपला चेहरा आतां कोणाला पाहावासा वाटण्याजोगा राहिला नाहीं, अशी त्या बोलण्यामागची समजूत असते. ती समजूत खोटी ठरविणें, हें या कलेचें खरें कार्य होय.

हें कार्य सभ्यतेनें कसें करतां येतें याचीं उदाहरणें मुंबईनेंच घालून दिलेलीं आहेत. जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. थोरामोठ्यांचे सहज क्षण टिपण्यांत त्यांचा हातखंडा होता. परंतु समोरच्या माणसाचा मान राखण्याविषयीं त्या तितक्याच दक्ष असत. १९७० च्या सुमारास त्यांनीं कॅमेरा खालीं ठेवला, त्याच्या कारणांपैकीं एक म्हणजे नव्या छायाचित्रकारांचें बेशिस्त वर्तन. मुंबईचीं छायाचित्रें १९७७ पासून काढीत आलेल्या सूनी तारापोरवाला यांनीं आपल्या पारशी समाजाच्या चित्रांचा आरंभ स्वतःच्याच घरांतील माणसांपासून केला. त्या चित्रांचा ग्रंथ २००० सालीं निघाला. संख्येनें घटत चाललेल्या त्या समाजांतील वृद्धांचे चेहरे त्यांत आहेत, आणि ते नमुने म्हणून नव्हे तर घरचीं माणसें म्हणून दिसतात. दृष्टि बदलली कीं त्याच यंत्रांतून निराळें चित्र निघतें.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत येऊन बसला आहे आणि एका क्षणांत चित्र जगभर जातें. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. परंतु कायद्याचा हात जेथें पोंचत नाहीं तेथें सौजन्याला पोंचावें लागतें. मढच्या धक्क्यावरील म्हातारीचें चित्र शहरांतील एखाद्या दालनांत झळकतें, त्याला बक्षीस मिळतें, तें विकलेंहि जातें. आणि त्याच वेळीं तिच्या घरच्या भिंतीसाठीं मात्र तिचें एकहि धड चित्र नसतें. या एका गोष्टींत साऱ्या प्रश्नाचें उत्तर आहे. चेहरा कोणाचा, हें चित्र टिपतांना ठरत नाहीं. तें टिपल्यानंतर कोठें जातें यावर ठरतें. ज्यानें चित्र घेतलें त्यानें त्याची एक प्रत कागदावर छापून, पुन्हां ती नाव ओलांडून, त्या आजीच्या हातांत नेऊन दिली पाहिजे. मागच्या बाजूस तिचें नांव, गांव आणि तारीख लिहिली पाहिजे. जॉन्सनच्या ग्रंथांतील माणसांना जें मिळालें नाहीं तें एवढेंच होतें, आणि तें फार होतें.

आणि हें काम केवळ छायाचित्रकारांवर सोंपविण्याचेंहि कारण नाहीं. २०११ च्या जनगणनेंत साठ वर्षें व त्यांवरील वयाचीं माणसें भारतांत दहा कोटींहून अधिक होतीं. त्यांतील कित्येक श्रोत्यांच्या स्वतःच्या घरांत असतील. कोणी तांदूळ निवडीत असेल, कोणी वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून वाचीत असेल, कोणी नातवाच्या सदऱ्याला बटण लावीत असेल. त्यांना उठवूं नये, केंस विंचरावयास सांगूं नये, भिंतीला टेकवून उभें करूं नये. उजेड बरा असेल तेव्हां जवळ बसावें, दोन गोष्टी बोलाव्या, आणि कामांत गढलेला तो चेहरा टिपून घ्यावा. मग त्याची प्रत छापून आधीं त्यांनाच दाखवावी. चष्मा पुसून, चित्र दूर धरून, ‘मी अशी दिसतें होय?’ असें एखादी आजी म्हणेल, आणि थोडी हंसेलहि. तिच्या हयातींत तिची तसबीर भिंतीवर लागण्यास याहून चांगला मुहूर्त नाहीं.